तीन दिवसांची सोबत

डेपोतले दोघे भेटायला आले, तो ताईच्या चालण्याचा चौतिसावा दिवस होता.

सव्वीस वर्षं तिने शहरात बस चालवली होती. माझं बूड आणि ड्रायव्हरची सीट एकाच कापडातून शिवलंय, असं ती स्वतःच म्हणायची. निवृत्तीचे कागद हातात पडले आणि आठवड्याभरात तिने घरी जाहीर केलं, की डोंगररांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जी अकराशे किलोमीटरची पायवाट जाते, ती मी चालणार, आणि एकटी चालणार. नवऱ्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे बघितलं, आणि "मोजे जास्त ने," एवढंच म्हणाला.

चौतीस दिवसांत पायाची दोन नखं गेली, अंगावरची चरबी झडली आणि बोलण्याची सवय सुटली. तसं तिला बरंही वाटत होतं. पण कंडक्टरचा फोन आला, "ताई, आम्ही दोघं तीन दिवस रजा टाकून येतोय, तुझ्याबरोबर चालायला," तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणसं आपल्याला इतकी हवी आहेत हे तिलाच ठाऊक नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात एस आकाराचं एक वळण उतरून बस आली. ताई थांब्यावरच्या बाकावर बसून ती बघत होती. ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतोय, हे तिच्या उजव्या पायालाच आधी कळलं. बसमधून पहिला उतरला कंडक्टर. अकरा वर्षं तो तिच्या बसच्या मागच्या दारात उभा होता. काडीसारखा माणूस, नव्या कोऱ्या बुटांना दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. त्याच्या मागून उतरला पाना.

पाना म्हणजे डेपोतला मेकॅनिक. पँटच्या मागच्या खिशात कायम पाना खोचलेला असायचा, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या यादीतच काय ते असेल. रुंद खांदे, आखूड मान, आणि हात असे, की पाना न लावता नट सैल करतील. त्याच्या हातात एक काठी होती. वर्कशॉपमध्ये भंगारातल्या स्टीलच्या पाइपची त्याने ती स्वतः बनवली होती, खाली टोक वेल्ड केलेलं, वर टायरच्या ट्यूबची मूठ.

ताईने ती उचलून बघितली. "अरे, हे वजन घेऊन तू डोंगर चढणार? चालायला निघालास का लढाईला?"

"ताई, हलकी काठी म्हणजे दात कोरायची काडी," पाना म्हणाला. "असू दे. जंगल आहे."

पहिला दिवस हसण्यात गेला. कंडक्टर दर चढावर ओरडायचा, "पुढचा थांबा देवदार, उतरणारे पुढे या," आणि दर विश्रांतीला बुटात बोट घालून फोड केवढी झाली ते सांगायचा. पाना एका दमात चढायचा आणि वर जाऊन वाट बघत बसायचा. डेपोतल्या बातम्या निघाल्या. कोणाची बदली झाली, कोणाची मुलगी पळून गेली, नवीन साहेब बाथरूमला जाताना पण सही घेतो. ताई इतकी हसली की तिचे गाल दुखायला लागले.

संध्याकाळी ते वाटेवरच्या दगडी निवाऱ्यात उतरले. आत एक लांब टेबल, दोन बाक, भिंतीला लाकडी फळ्यांचे बिछाने. एक म्हातारं जोडपं आधीच येऊन बटाटे उकडत बसलं होतं. सूप झालं, गप्पा सुरू झाल्या, आणि कंडक्टरने ती गोष्ट काढली. डेपोच्या कँटीनमध्ये शंभरदा सांगून झालेली.

"तुम्हाला सांगतो," तो त्या जोडप्याला म्हणाला, "आमच्या ताईच्या अंगाला हात लावून एक जण किती पस्तावला ते पान्याला विचारा."

पान्याला विचारायची गरज नव्हती. तो सांगायला लागलाच.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. हिवाळ्यातली सकाळ होती. शेवटच्या थांब्यावर एक पिऊन आलेला माणूस बसमधून उतरायला तयार नव्हता. ताई उठवायला गेली, तर त्याने तिचे केस धरून तिला केबिनपर्यंत ओढत नेलं आणि तोंड स्टीअरिंगवर आपटलं. एकदा, दोनदा. कंडक्टर मध्ये पडला, तर त्याला दारातून खाली ढकललं. पाना तेव्हा शेजारीच डेपोच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात एका गाडीखाली काम करत होता. तो वर आला, हातात बत्तीस नंबरचा पाना होता. त्या माणसाचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि डावा कान कायमचा बहिरा झाला. चौकशीत ताईने आणि कंडक्टरने एकच सांगितलं: तो दारू पिऊन खड्ड्यात पडला.

"पडला," पाना म्हणाला आणि टेबलावर मूठ आपटून हसला. "तीनदा पडला. मी उचलायचो, तो पुन्हा पडायचा."

कंडक्टर हसला. ताईनेही सवयीने तोंड हसरं केलं. पण त्या जोडप्यातली म्हातारी चमचा खाली ठेवून ताईकडेच बघत राहिली, आणि ताईला पहिल्यांदा ते हसू तोंडावर चिकटल्यासारखं वाटलं. ती जागा आता तिला नीट आठवली. पहिल्या फटक्यालाच माणूस आडवा झाला होता. बाकीचे फटके ती फुटक्या नाकातून रक्त गाळत बघत उभी होती, आणि थांब म्हणाली नव्हती. उलट, अजून एक घाल, असं तिच्या मनात आलं होतं. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट एका उघड्या माळावर आली. उतारभर मेंढ्या पसरल्या होत्या, तीनशे तरी असतील. ताई लगेच थांबली. अशा कळपांतून ती या महिन्याभरात सहा-सात वेळा गेली होती आणि रीत तिला पाठ झाली होती. एका मेंढपाळाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: कळपाला राखण कुत्र्यांची असते. ती माणसासाठी नाहीत, लांडग्यासाठी आहेत. पण लांडगा कोण आणि माणूस कोण हे ठरवायला त्यांना वेळ द्यावा लागतो.

"ऐका," ती म्हणाली. "कुत्री येतील, भुंकतील. काठ्या खाली करा. डोळ्यांत बघायचं नाही. आपण कळपाला लांबून वळसा घालायचा. तो वरचा खडक दिसतोय ना, त्याच्या पलीकडून."

"एवढं वर?" कंडक्टरने मान वर करून खडकाकडे बघितलं. तरी त्याने काठी खाली केली.

"वाट तर समोर आहे," पाना म्हणाला. खरंच होतं. दगडांवरच्या पिवळ्या खुणा सरळ कळपामधून जात होत्या.

"वाट आहे, पण कळप वाटेवर आहे. चल वर."

तेवढ्यात कुत्रं आलंच. वासराएवढं, मळकट पांढरं, गळ्यात खिळे बाहेर काढलेला लोखंडी पट्टा. दुसरं एक मागे मेंढ्यांजवळच उभं राहून भुंकत होतं. हे पुढचं वीसेक पावलांवर येऊन थांबलं आणि दात विचकले. ताई हळू आवाजात त्याच्याशी बोलायला लागली, "बरं बाबा, जातो आम्ही, तुझंच आहे सगळं," आणि मागे सरकू लागली. कंडक्टर तिच्या पाठीला पाठ लावून सरकला.

पाना सरकला नाही. "कुत्र्याला घाबरून डोंगर चढायचा?" तो म्हणाला, आणि काठी उगारून दोन पावलं पुढे गेला.

कुत्र्याने ते वीस पावलांचं अंतर कधी कापलं ते ताईला दिसलंच नाही. पान्याची मांडी त्याच्या तोंडात होती. पाना ओरडला, आणि त्याने पाइप दोन्ही हातांनी खाली आणला. कवटीवर बसलेल्या त्या पहिल्या फटक्याचा आवाज पोकळ आला. कुत्र्याने मांडी सोडली, बाजूला कलंडलं आणि आडवं पडल्या पडल्या त्याचे पाय धावल्यासारखे हलायला लागले.

"झालं, सोड," ताई म्हणाली.

पान्याने पुन्हा मारलं. मग पुन्हा. ताईने नंतर जबाबात आकडा सांगितला: आठ. पाचव्यानंतर कुत्र्याचे पाय थांबले होते. पान्याच्या मांडीतून रक्त बुटात उतरत होतं, पण चेहऱ्यावर भीती नव्हती, दुखणंही नव्हतं. घट्ट बसलेला बोल्ट सुटेपर्यंत माणूस जसा एकाग्र होतो, तसा तो झाला होता.

मेंढ्या उधळून खाली गेल्या. उतारावरून एक म्हातारा येत होता. सत्तरीचा असेल, सुकलेला, हातात आकडा असलेली मेंढपाळाची काठी. तो धावत नव्हता, भराभर चालत होता. तो आला, या तिघांकडे न बघता कुत्र्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालून थोडा वेळ तशीच ठेवली. मग बोटं काढून विजारीला पुसली.

"मामा, त्याने चावा घेतला," कंडक्टर हात जोडून म्हणाला. "बघा ना, रक्त बघा."

म्हातारा उठला आणि त्याने आकड्याची काठी पान्याच्या खांद्यावर घातली. सगळं अंग त्या फटक्यात होतं. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. पाइप पान्याच्या हातातून सुटला.

इथेही संपलं असतं. ताई नंतर अनेकदा त्या क्षणाकडे परत गेली, आणि तिला दर वेळी वाटलं, की इथे संपायला हवं होतं. एक कुत्रं गेलं होतं, एक हाड गेलं होतं. पण पान्याने धड हाताने म्हाताऱ्याची गचांडी धरली, त्याला पोत्यासारखं दगडांवर आपटलं आणि छातीवर गुडघा देऊन बसला. मग बुक्क्या. नाक, तोंड, डोळा. म्हाताऱ्याचे हात आधी चेहऱ्यापुढे होते, मग बाजूला पडले.

ताईने त्याचा दंड धरून ओढलं. त्याने हिसका दिला आणि ती मागे पडली. "अरे, धर ना त्याला," ती कंडक्टरवर ओरडली. कंडक्टर दोन्ही हात कानांवर घेऊन उभा होता.

पान्याने बुक्क्या थांबवल्या, आणि ताईला हायसं वाटलं. पण तो थांबला होता तो बाजूला पडलेला पाइप उचलायला. त्याने तो चाचपून उचलला. मूठ हातात नीट बसवली.

ताईच्या सॅकच्या कप्प्यात स्टीलची बाटली होती, एक लिटरची. सकाळी झऱ्यावर काठोकाठ भरलेली. ती हातात कधी आली हे तिला आठवत नाही. तिने ती पान्याच्या कानामागे हाणली. पान्याच्या हातातला पाइप गळून पडला, मान लुळी झाली आणि तो कुशीवर घसरला. तो पडलेला असताना ताईने अजून एकदा हाणलं. तितक्याच जोराने.

मग माळावर शांत झालं. खाली मेंढ्या एकमेकींना हाका मारत होत्या. ताईच्या सगळ्या अंगाला हलकं हलकं वाटत होतं. तेच तिला सगळ्यात घाण वाटलं.

म्हाताऱ्याची सून खालच्या झोपडीतून धापा टाकत वर आली, दुधाचे हात तसेच. तिशीची, दणकट बाई. तिने सासऱ्याच्या तोंडावर वाकून श्वास बघितला. "मामंजी," म्हणाली, "मी आहे. बोलू नका." दुसऱ्या कुत्र्याला तिने एका शिटीत मेंढ्यांकडे पिटाळलं. मग तिने ताईला विचारलं, "तुमच्यातलं कोण धड आहे?"

"आम्ही दोघं."

"मग उचला."

म्हाताऱ्याला झोपडीजवळच्या त्यांच्या खेचरावर बांधून आणि शुद्धीवर आलेल्या पान्याला दोन्ही बाजूंनी धरून ते रस्त्यापर्यंत उतरले. साडेतीन तास लागले. पाना दोनदा ओकला. वाटेत ताई पाणी भरायला मागे राहिली, तेव्हा कंडक्टर तिच्याजवळ आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, त्याला वाटतंय सुनेने मागून दगड घातला. मला विचारत होता. मी नाही म्हणालो नाही."

"का?"

"तुझं नाव कसं घेऊ? तू त्याच्यासाठी सख्ख्या बहिणीच्या जागी आहेस. कळलं तर तो मरेल." जरा थांबून तो म्हणाला, "किंवा मारेल."

गावातला दवाखाना म्हणजे एकच खोली. भिंतींना छातीपर्यंत हिरवा रंग, एक खाट, एक बाक, लसी ठेवायचा फ्रिज आणि त्याची घरघर. सिस्टरने आधी म्हाताऱ्याचा जबडा पट्टीने बांधला, डोळ्यावर बोळा ठेवला आणि शहरातून गाडी मागवली. मग पान्याची मांडी धुतली, रेबीजची सुई दिली, हात गळ्यात अडकवला, डोक्याला सात टाके घातले. हे सगळं चाललेलं असतानाच हवालदार आला आणि खुर्ची ओढून बसला.

"म्हातारबुवांना बोलता येत नाही," तो म्हणाला. "तर तुम्ही सांगा."

पान्याने सांगितलं. आवाज मोडलेला, पण गोष्ट सरळ. म्हाताऱ्याने कुत्रं अंगावर सोडलं. आपण जीव वाचवायला काठी चालवली. म्हाताऱ्याने हाड मोडलं, झटापट झाली, म्हातारा दगडांवर पडला, आणि ही त्याची सून, हिने मागून डोक्यात दगड घातला. "मेलो असतो साहेब. टाके बघा."

सून दारात उभी होती. तिने फक्त आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, त्यावर काय आहे ते जणू तिला आत्ताच तपासायचं होतं.

हवालदाराने कंडक्टरकडे बघितलं. "तुम्ही बघितलंत?"

कंडक्टरने जमिनीकडे बघत मान हलवली. हो म्हणून.

"आणि बाई, तुम्ही?"

पाना ताईकडे बघत होता. त्या बघण्यात धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. निवांतपणा होता. आठ वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसून त्याने असंच बघितलं होतं. ताईला वाटलं, मूग गिळून बसणं किती सोपं आहे. तोंड उघडायचेही कष्ट नाहीत, नुसती मान हलवायची.

"कुत्रं कोणी सोडलं नाही," ती म्हणाली. "ते भुंकत होतं, हा त्याच्या अंगावर गेला. चावल्यावर पहिल्या फटक्यात ते पडलं. त्यानंतर याने सात मारले. म्हातारबुवांनी याला एकदा मारलं, खांद्यावर. याने त्यांना खाली पाडून मारलं. मग पाइप उचलला. सून तिथे नव्हतीच. डोक्यात दगड नाही, बाटली घातली. मी घातली."

हवालदाराने कागद पुढे ओढला.

"किती वेळा?" हवालदाराने विचारलं. कागदावर लिहायचं होतं म्हणून.

"दोनदा."

पाना खाटेवरून उठला. सिस्टरने त्याला धरलं, हवालदार खुर्चीवरून उडाला, पण तो एका पावलात ताईपर्यंत पोहोचला होता. त्याने धड हाताने तिचा गळा धरून तिला फ्रिजवर दाबलं. आतल्या बाटल्या खणखणल्या. त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई," तो म्हणत होता, "ताई, तू? तुझ्यासाठी मी," आणि बोटं आवळत होता. तिला वाटलं आता श्वास संपणार. मग हवालदाराने त्याच्या मोडलेल्या हाडावर हात दाबला आणि पाना किंचाळून खाली बसला.

त्याला त्याच गाडीतून नेलं. म्हातारा पुढे, तो मागे, मध्ये हवालदार. कंडक्टर संध्याकाळच्या बसने परत गेला. जाताना तो थांब्यावर ताईच्या शेजारी बसला. बस आली तेव्हा त्याने सवयीने आधी ताईला पुढे जायला जागा करून दिली, आणि मग ती येत नाही हे लक्षात येऊन एकटाच चढला.

ताई गावातल्या खानावळीच्या वरच्या खोलीत दोन दिवस पडून होती. गळ्यावर चार बोटं आणि एक अंगठा निळाजांभळा उमटला होता. नवऱ्याचा फोन आला. तिने सगळं सांगितलं, आठ वर्षांपूर्वीचंसुद्धा. "घरी येतेस?" त्याने विचारलं.

"वर ती बाई एकटी आहे," ताई म्हणाली. "तीनशे मेंढ्या आहेत आणि एक कुत्रं. थंडी पडायच्या आत कळप खाली आणायचा असतो."

"तुला काय येतं त्यातलं?"

"काहीच नाही."

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माळावर चढली. सून कुंपणाच्या दगडांपाशी एका लंगड्या मेंढीचा खूर कापत होती. ताई समोर येऊन उभी राहिली. सुनेने चाकू पुसून ठेवला, उठली, आणि ताईच्या थोबाडीत मारली. ताईचं तोंड फिरलं, कान वाजला.

"हे त्या दोघांना इकडे आणल्याबद्दल," सून म्हणाली. "मामंजींचा डोळा गेला. डॉक्टरांनी कळवलं काल."

ताईने मान हलवली.

"दुसऱ्या डोळ्याबद्दल काय बोलायचं ते मला सुचत नाही. तू नसतीस तर तोही गेला असता, आणि जीवही." ती पुन्हा खाली बसली. "ही मेंढी धर. मान नाही, पुढचे पाय."

कळप हिवाळ्याच्या खालच्या कुरणांत यायला सहा दिवस लागले. ताई मागे चालायची, रेंगाळणाऱ्यांना हाकायची, कोकरं ओढ्यापार उचलून न्यायची. उरलेल्या कुत्र्याने तिला सहा दिवसांत एकदाही जवळ येऊ दिलं नाही. ती बसली की ते तिच्यात आणि मेंढ्यांत येऊन बसायचं आणि तिच्यावर नजर ठेवायचं. सून कामापुरतं बोलायची. पाचव्या दिवशी एका घळीत दोन जंगली कुत्री मेंढ्यांवर आली. राखणीच्या कुत्र्याने एकाला गळ्याला धरून झटकलं आणि दुसऱ्यामागे सुनेने दगड भिरकावले. ताई हातात काठी घेऊन उभी होती. गळा फाटलेलं ते जनावर तिच्या पायांपाशी तडफडत आलं. तिने काठी उचलली, मग खाली केली. सून आली आणि एका फटक्यात त्याला तडफडीतून सोडवलं. एकच, आणि लगेच मेंढ्यांकडे वळली. ताई त्या फटक्याकडे बघत राहिली.

खटला हिवाळ्यात चालला. कंडक्टरने उलटतपासणीच्या आधीच जबाब बदलून खरं सांगितलं. तो ताईला फोनवर म्हणाला, "डेपोत माझ्याशी कोणी चहाला बसत नाही," आणि मग, "जेवण मात्र आता घशाखाली उतरतंय." पान्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. ताईला न्यायाधीशांनी ताकीद देऊन सोडलं. जुनं प्रकरणही तिने स्वतःहून लिहून दिलं होतं. तो बहिरा झालेला माणूस साक्षीला आला नाही. तीन वर्षांपूर्वीच वारला होता.

चार महिन्यांनी ती पान्याला भेटायला तुरुंगात गेली. तो भेटायला येणार नाही असंच तिला वाटत होतं, पण पाना आला. मध्ये जाळी, अलीकडे एक लोखंडी स्टूल, पलीकडे एक. त्याचा खांदा एका बाजूला उतरला होता.

"म्हातारा कसा आहे?" त्याने विचारलं.

"हिंडतो. एका डोळ्याने."

"हं." तो नखं बघत बसला. "मी इथे रोज विचार करतो ताई. पहिला फटका मला समजतो. मी पाइप उचलला होता. मी घातलाच असता, खोटं कशाला बोलू. तू तो थांबवलास. ठीक आहे. पण मी पडलो होतो ना? मग दुसरा कशाला?"

ताईने येताना बसमध्ये या प्रश्नाची उत्तरं जुळवून ठेवली होती. घाबरले होते. तू उठशील असं वाटलं. कळलंच नाही. सगळी बरी उत्तरं होती, आणि न्यायाधीशांपुढे तिच्या वकिलाने त्यातली दोन वापरलीही होती.

"मला मारायचा होता," ती म्हणाली.

पाना तिच्याकडे बघत राहिला. त्याचा जबडा हलला, हात जाळीवर आला, बोटं तारांत अडकली. पहारेकरी एक पाऊल पुढे आला. पण पान्याने जाळी हलवली नाही.

"हो ना," तो हळूच म्हणाला. "तसंच असतं ते."

वेळ संपल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं. ताई उठली. तिने विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का. पान्याने जाळीतून बोटं सोडवली. ती पुढच्या महिन्यात गेली.